तुतनखामेनच्या भिंतीमागे खोली आहे का, आणि रडारचे रिपोर्ट एकमेकांशी का जुळले नाहीत

तुम्ही विचारलंय की तुतनखामेनच्या थडग्यात भिंतीमागे राणी नेफरटिटीची खोली आहे का हे बघायला इतक्या वेळा स्कॅनिंग झालं, २०१५ मध्ये इजिप्तचे मंत्री ९० टक्के खात्री आहे म्हणाले, २०१८ मध्ये त्याच मंत्रालयाने काही नाही असं जाहीर केलं, मग यातलं धरायचं काय? आणि एक बारीक भोक पाडून कॅमेरा घातला असता तर एका दिवसात निकाल लागला नसता का? शेवटी असंही लिहिलंय की काहीतरी दडपलं जातंय असं वाटतं.

आधी माझ्याबद्दल सांगतो म्हणजे कुठल्या मुद्द्यावर माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी इजिप्तचा अभ्यासक नाही. माझं काम जमिनीखाली आणि भिंतीआड रडारने बघायचं, जीपीआर म्हणतात त्याला, रोजचं काम म्हणजे रस्त्याखालच्या पाइपलाइनी, केबली, पुलाचे स्लॅब, आणि अधूनमधून जुने वाडे, देवळं, तटबंद्या. या थडग्याच्या कुठल्याही सर्व्हेत मी नव्हतो. पण त्यावर जे छापून आलंय ते बारकाईने वाचलंय, कारण एकच भिंत, वेगवेगळ्या टीम, वेगवेगळी मशिनं आणि सगळे निष्कर्ष जगासमोर, असं उदाहरण आमच्या कामात फार कमी मिळतं.

मला विचाराल तर इथली अडचण खोलीची कमी आणि पुराव्याची जास्त आहे. रडारच्या पटावर, म्हणजे मशीनने काढलेल्या चित्रावर, एक रेघ दिसली तर तिला खोली म्हणायला अजून काय काय लागतं, हे पहिल्या घोषणेच्या वेळी कुणी लोकांना सांगितलंच नाही. तिथून सगळा गोंधळ झाला.

मूळ दावा आधी नीट बघू, कारण तो उचलली जीभ असा नव्हता. माद्रिदच्या फॅक्टम आर्ते या संस्थेने २००९ मध्ये थडग्याच्या भिंतींचं फार बारीक लेझर स्कॅनिंग केलं, हुबेहूब प्रतिकृती बनवायला, आणि ती प्रतिकृती २०१४ मध्ये, हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या घराजवळ लोकांसाठी उघडलीसुद्धा. त्या स्कॅनमध्ये रंग काढून टाकून नुसता पृष्ठभाग बघता येतो. निकोलस रीव्ह्ज या इजिप्टॉलॉजिस्टनी तो बघितला आणि उत्तरेच्या व पश्चिमेच्या भिंतीवर त्यांना सरळ, उभ्या रेघा दिसल्या, दार बुजवून वरून गिलावा केला तर जशा राहतात तशा. जुलै २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की हे थडगं मुळात नेफरटिटीचं असावं आणि तुतनखामेन अचानक गेल्यावर त्याला पुढच्या भागात पुरलं असावं. थडगं राजाच्या मानाने खूपच लहान आहे हे तर कुणीही बघून सांगेल.

आणि बुजवलेलं, रंगवलेलं दार ही गोष्ट व्हॅली ऑफ किंग्ज या राजांच्या थडग्यांच्या दरीत नवीन नाही. होरेमहेब या दुसऱ्या राजाच्या थडग्यात विहिरीच्या, म्हणजे खोल खड्ड्याच्या, खोलीची मागची भिंत गिलावा करून रंगवलेली होती आणि पुढचा रस्ता तिच्यामागे होता. खुद्द तुतनखामेनच्या थडग्यातही पुढची खोली आणि दफनाची खोली यांच्यामधली भिंत बांधून, गिलावा करून रंगवलेली होती, कार्टरने १९२३ मध्ये ती फोडली तेव्हा आतली सोनेरी देवघरं दिसली. या भिंतीकडे आपण परत येऊ. तर रीव्ह्जची शंका रास्त होती, तपासायलाच हवी होती. प्रश्न तपासण्याच्या पद्धतीचा.

आता रडार करतं काय ते. अँटेना भिंतीवरून सरकवत न्यायची, ती रेडिओलहरींचे झटके दगडात सोडते, आत जिथे पदार्थ बदलतो तिथून लहरीचा थोडा भाग परत येतो. मशीन मोजतं दोनच गोष्टी, परत यायला किती नॅनोसेकंद लागले आणि परत आलेला सिग्नल किती जोराचा आहे. खोली, दार, लाकूड, सोनं यातलं मशीनला काही कळत नाही, ते अर्थ आपण लावतो. म्हणून मार्च २०१६ मध्ये भिंतीमागे धातू आणि सेंद्रिय पदार्थ आहेत असं जाहीर झालं तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. धातू असेल तर सिग्नल जोरात येतो हे बरोबर, पण जोरात आलेला प्रत्येक सिग्नल धातूचा नसतो, आणि सेंद्रिय पदार्थ रडारवरून ओळखायची कुठलीही भरवशाची रीत मला माहीत नाही.

किती आत दिसेल हे जागेवर अवलंबून. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हाताच्या अंतरापलीकडे काही मिळत नाही, सगळी लहर चिकणमाती आणि पाणी खाऊन टाकतं. व्हॅली ऑफ किंग्जमधला कोरडा चुनखडीचा दगड त्यामानाने रडारला फार चांगला, काही मीटर आत आरामात बघता येतं. पण तोच दगड भेगाळलेला आहे आणि त्यात मधेमधे गारगोटीच्या गाठी आहेत, त्या प्रत्येकातून काही ना काही परत येतंच. त्यामुळे पट कधीच कोरा येत नाही, काहीतरी दिसतंच, आणि ज्याला खोली बघायची आहे त्याला त्या गर्दीतून खोली काढता येते.

त्याहून मोठा घोळ हवेचा. अँटेनातून सगळी लहर दगडात जात नाही, काही मागे खोलीत सुटते. शिल्ड नसलेली अँटेना म्हणजे उघडा बल्ब, चारी बाजूंना उजेड, शिल्ड लावली की त्याचा टॉर्च होतो, पण टॉर्चच्या मागूनही थोडा उजेड गळतोच. वर रंगवलेल्या भिंतीला अँटेना टेकवता येत नाही, थोडं अंतर ठेवून धरावी लागते, म्हणजे गळती आणखी वाढली. आता आकडा घालून बघा. दफनाची खोली उत्तर-दक्षिण साधारण ४ मीटर आहे. उत्तरेच्या भिंतीशी अँटेना धरली, मागे सुटलेली लहर समोरच्या भिंतीवर आपटून परत आली, म्हणजे ८ मीटर प्रवास झाला. हवेत ती नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे सुमारे २७ नॅनोसेकंद लागले. पण मशीनला आपण सांगून ठेवलेलं असतं की लहर दगडातून जातेय, आणि चुनखडीत तिचा वेग नॅनोसेकंदाला साधारण ११ सेंटिमीटर. मशीन त्या हिशोबाने गुणतं, निम्मं करतं आणि दाखवतं की उत्तरेच्या भिंतीच्या दीड मीटर आत एक छान, सपाट, लांबलचक पृष्ठभाग आहे. कुणालाही तो खोलीची भिंतच वाटेल, आणि भिंतच आहे ती, फक्त आपल्या पाठीमागची. मधे दगडी शवपेटी, तिच्यावरची काच, कठडे, दिवे, उभी असलेली माणसं, या सगळ्यांचे असेच प्रतिध्वनी येतात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. एका जुन्या वाड्यात मालकांना पक्कं वाटत होतं की माजघराच्या भिंतीमागे भुयार आहे, आणि पहिल्याच फेरीत पटावर तशी सरळ रेघ आलीसुद्धा, घरातले सगळे मागे उभे राहून बघत होते आणि कुदळ आणायची भाषा सुरू झाली होती. समोरच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. ते आम्ही दोन-तीन फूट पुढे ओढलं आणि परत तीच फेरी मारली तर भुयारही पुढे आलं. मग कपाट खोलीबाहेर काढलं, रेघ गेली. भिंतीमागे दगडमातीचा भराव होता, बाकी काही नाही. तेव्हापासून नव्या मुलांना मी रेघ दिसली की आधी खोलीतलं सामान हलवायला लावतो, अँटेना ९० अंशात फिरवायला लावतो, फ्रिक्वेन्सी बदलायला लावतो. दगडातली खरी वस्तू या सगळ्यात आपली जागा सोडत नाही.

आता ही कसोटी लावून थडग्यातले सर्व्हे बघा. पहिला नोव्हेंबर २०१५ चा, हिरोकात्सु वातानाबे या जपानी तज्ज्ञांचा. तेव्हाचे पुरातत्त्वमंत्री ममदूह एल-दमाती यांचं ९० टक्क्यांचं वाक्य त्याच वेळचं. वातानाबेंचा अनुभव मोठा होता, त्याबद्दल वाद नाही, पण मशीन त्यांनी स्वतःच्या पद्धतीने बदलून घेतलेलं आणि पट वाचायची रीतही त्यांची स्वतःची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो डेटा घेऊन स्वतंत्रपणे तपासणं अवघड होतं. माझ्या मते सगळ्यात कमकुवत दुवा हाच. ते चूक होते की बरोबर हे नंतरचं, पण जो डेटा दुसऱ्याला वाचता येत नाही त्यावर टक्के लावायचेच नाहीत.

दुसरा मार्च २०१६ च्या शेवटी, नॅशनल जिऑग्राफिकच्या टीमचा, नेहमीची बाजारात मिळणारी मशिनं, ४०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या अँटेना. हा डेटा बाहेरच्या जाणकारांनीही बघितला आणि त्यांना पोकळी दिसली नाही. इथे एक मुद्दा लक्षात घ्या. दगड संपून हवा सुरू होते तिथून फार जोरदार सिग्नल परत येतो, चुनखडीसाठी गणित केलं तर लहरीच्या जवळजवळ निम्म्या उंचीचा. मोकळी खोली हे रडारसाठी सोपं गिऱ्हाईक आहे. ती काही मीटरच्या आत असती तर अंधूक अंदाज बांधत बसायची वेळच आली नसती. त्याला एकच अपवाद, खोली मलब्याने ठासून भरलेली असेल तर सिग्नल खूप कमजोर पडतो, आणि ही शक्यता तेव्हा शिल्लक होती.

दोन सर्व्हे, दोन उत्तरं. मे २०१६ मध्ये कैरोत परिषद झाली, तिथे जोरदार खडाजंगी झाली आणि तिसऱ्यांदा करायचं ठरलं. हा तिसरा फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला, तुरीनच्या पॉलिटेक्निकच्या फ्रान्चेस्को पोर्चेल्ली यांच्या नेतृत्वाखाली, आणि मे महिन्यात निकाल आला की थडग्याला लागून लपलेल्या खोल्या नाहीत. मी याला सगळ्यात जास्त वजन का देतो तर त्यांनी एका मशीनवर भिस्त ठेवली नाही. १५० मेगाहर्ट्झपासून ३ गिगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी वापरल्या, म्हणजे खोलवर जाणाऱ्या जाड लहरीही आणि गिलाव्याखालचे पहिले काही सेंटिमीटर दाखवणाऱ्या बारीक लहरीही. दाट फेऱ्या मारल्या, अँटेनाच्या वेगवेगळ्या दिशा धरल्या. आणि त्यांनी मुख्य म्हणजे बुजवलेल्या दाराची कड शोधली. मलब्याची शक्यता मी वर म्हणालो ना, ती इथे निकालात निघते. मागची खोली भरलेली असो की रिकामी, कोरलेला अखंड दगड जिथे संपतो आणि बांधकाम सुरू होतं तिथे उभी सीमा असलीच पाहिजे, ती बारीक लहरींना दिसायला हवी. तशी काही दिसली नाही. मग रीव्ह्जना दिसलेल्या रेघांचं काय, तर गिलाव्याच्या पृष्ठभागावर रेघा उमटायला हजार कारणं असतात, दगड कोरताना सोडलेल्या कडा, भेग भरलेली जागा, गिलावा थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केलेला सांधा. पृष्ठभागावर रेघ आहे म्हणून आत दार आहे असं होत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात असं की शंका चांगली होती, पहिली घोषणा घाईची होती, आणि उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींपुरतं बोलायचं तर मी २०१८ चा निकाल मानतो.

आता तुमच्या भोकाकडे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कामात विचारतात आणि घराच्या भिंतीत मी स्वतःच सांगतो, पाडा भोक, बघा. इथे का नाही? पहिलं म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर चित्र आहे, राजाच्या ममीचं तोंड उघडण्याचा विधी करणारा त्याचा वारस आय, देवी नूत, देव ओसिरिस. वर मी ज्या भिंतीकडे परत येऊ म्हणालो ती बघा, कार्टरने फोडलेली मधली भिंत. आतली मोठी देवघरं बाहेर काढायला तिचा बराच भाग पाडावा लागला, आणि त्या भागावर इसिस देवी आणि तिच्यासोबतचे तीन देव रंगवलेले होते. कार्टरचा फोटोग्राफर हॅरी बर्टनने आधी फोटो काढून ठेवले म्हणून ते आपल्याला माहीत तरी आहेत, भिंतीवरून मात्र ते कायमचे गेले. तेव्हा मागे खोली आहे हे शंभर टक्के माहीत होतं, तरी किंमत एवढी पडली.

दुसरं, तुम्ही म्हणाल चित्र नसलेल्या जागेतून पाडा. पूर्वेला ट्रेझरीची खोली आहे, तिच्या भिंती कोऱ्या आहेत, तिथून तिरकं ड्रिल नेणं तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे. पण ड्रिलला थंड ठेवायला पाणी वापरायचं की नाही, कोरडं केलं तर उडणाऱ्या धुळीचं काय, हादऱ्याने गिलावा सुटला तर काय. त्या गिलाव्याची तब्येत आधीच नाजूक आहे. भिंतींवर तपकिरी ठिपके आहेत ते तुम्ही फोटोत बघितले असतील, १९२० च्या दशकातल्या फोटोंतही ते आहेत. गेट्टी संस्थेने इजिप्तच्या खात्याबरोबर त्या थडग्यावर बरीच वर्षं काम केलं, तेव्हा ठिपके सूक्ष्मजीवांचे आणि आता मेलेले आहेत असं दिसलं, पण रंगाच्या थरात इतके मुरलेत की काढता येत नाहीत. अशा खोलीत पाणी आणि धूळ न्यायची म्हटलं की संवर्धनवाले आडवे येणारच आणि त्यांनी यायलाच हवं. आणि समजा खरंच मागे बंद खोली असेल, तर तीन हजारांहून जास्त वर्षं बंद असलेल्या हवेत तुम्ही भोक पाडून बाहेरची दमट हवा सोडताय. म्हणजे खोली सापडली तर त्याच दिवसापासून तिचं नुकसान सुरू.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भोकाने 'हो' सिद्ध होतं, 'नाही' होत नाही. ड्रिलला दोन मीटर अखंड दगड लागला तर तुम्हाला कळलं एवढंच की त्या एका रेषेत दगड आहे. लगेच कुणीतरी म्हणेल की अर्धा मीटर डावीकडे पाडायला हवं होतं. मग दुसरं, मग तिसरं. एल-दमातींनंतर आलेले पुरातत्त्वमंत्री खालेद एल-एनानी यांनी २०१६ मध्ये आधी पोकळीची खात्री करा मगच ड्रिलिंगचं बोला अशी जाहीर भूमिका घेतली होती. त्यांच्या बाकी मतांबद्दल कुणाला काहीही वाटो, इथे मी त्यांच्या बाजूने आहे.

भोक कधी योग्य, तेही सांगतो, कारण इजिप्तमध्येच त्याचं उत्तम उदाहरण आहे. खुफूच्या पिरॅमिडवर २०१५ पासून स्कॅनपिरॅमिड्स हा प्रकल्प सुरू आहे. त्यात म्युऑन वापरतात, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण, ते दगडातून आरपार जातात आणि वाटेत पोकळी असेल तर त्या दिशेने जरा जास्त येतात. २०१७ मध्ये त्यांनी किमान ३० मीटर लांबीची मोठी पोकळी जाहीर केली तेव्हा तीन वेगळ्या गटांनी तीन वेगळ्या प्रकारच्या डिटेक्टरने, नागोयाच्या फोटोग्राफिक इमल्शनच्या फिल्म, जपानच्याच केईके संस्थेचे सिंटिलेटर आणि फ्रान्सच्या सीईए संस्थेचे गॅस डिटेक्टर, एकच जागा दाखवली होती. उत्तरेच्या दारामागे एक छोटा बोळ दिसत होता त्यावर म्युऑनशिवाय रडार आणि अल्ट्रासाउंडही लावलं, सगळं जुळलं, मगच दगडांच्या दरजेतून ६ मिलिमीटर जाडीचा एंडोस्कोप आत सरकवला आणि मार्च २०२३ मध्ये ९ मीटर लांबीचा बोळ जगाला दाखवला. रंगवलेली भिंत नाही, नवीन भोक नाही, दरज आधीपासूनची. तुमच्या मनात जे आहे ते तिथे झालं. मग तुतनखामेनकडे म्युऑन का नाही लावत, तर म्युऑन वरून येतात, त्यामुळे डिटेक्टर संशयित पोकळीपेक्षा खाली ठेवावा लागतो, आणि इथे संशयित खोली डिटेक्टरच्या शेजारी, त्याच पातळीवर. पिरॅमिडच्या पोटात खालच्या खोल्या आहेत म्हणून तिथे सोय झाली.

दडपादडपीबद्दल. मला नाही पटत. नेफरटिटी सापडली असती तर इजिप्तच्या पर्यटनाला त्याहून मोठी भेट काय असणार, लपवण्यात कुणाचा फायदा? उलट २०१५ ला घाई झाली ती चांगली बातमी द्यायच्या उत्साहात झाली असं मला वाटतं. आणि २०१८ च्या टीमने आपलं काम रीतसर पेपर म्हणून छापलं, ज्याला शंका आहे त्याने तो काढून वाचावा.

एक धागा मात्र खुला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी आली की एल-दमाती यांच्याच गटाने थडग्याच्या बाहेरच्या बाजूने रडार फिरवलं आणि दफनाच्या खोलीपासून काही मीटरवर पूर्वेला, थडग्याच्या प्रवेशमार्गाला समांतर, सुमारे २ मीटर उंच आणि किमान १० मीटर लांब अशी पोकळीसारखी जागा दिसली. हा दावा २०१८ च्या निकालाच्या विरोधात जात नाही, कारण तो निकाल थडग्याला चिकटलेल्या खोल्यांबद्दल होता. ती नैसर्गिक भेग असेल, अर्धवट सोडलेलं दुसरं थडगं असेल, काहीही असेल. पण इथे रंगवलेली भिंत आड येत नाही, म्हणजे रीतसर उत्खनन करून बघता येण्यासारखी गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर भिंतीवर चौथा-पाचवा स्कॅन करण्यापेक्षा तिकडे लक्ष द्यावं.

कारण राजघराण्याची थडगी आजही सापडतात, पण बहुतेक खोदूनच. केंट वीक्सना १९९५ मध्ये केव्ही ५ मध्ये, म्हणजे व्हॅली ऑफ किंग्जमधल्या पाचव्या क्रमांकाच्या थडग्यात, रामसेस दुसऱ्याच्या मुलांसाठी कोरलेलं प्रचंड मोठं थडगं मिळालं, ज्याचं तोंड आधीच्या लोकांनी बघून क्षुल्लक म्हणून सोडलं होतं आणि कार्टरने तर वर खोदकामाची माती टाकली होती. अलीकडचं म्हणजे थुतमोस दुसऱ्याचं. लक्झरच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात पिअर्स लिदरलँड यांच्या टीमला २०२२ मध्ये त्याचा दरवाजा मिळाला, आधी वाटलं कुठल्यातरी राणीचं असेल, पुराच्या गाळाने आत सगळं भरलेलं, तो गाळ काढता काढता निळ्या छतावरच्या पिवळ्या चांदण्या दिसल्या आणि अलाबास्टरच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, त्यावर थुतमोस आणि त्याची राणी हत्शेपसुत यांची नावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. तिथे राजा ओळखला तो भांड्याच्या खापरीवरून.

पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तिच्यात अँटेना किती प्रकारच्या होत्या, दुसऱ्या टीमला तेच दिसलं का, आणि कच्चा डेटा कुणी बाहेरच्याने बघितला का, एवढं शोधा. २०१८ चा पेपर वाचायला घेतलात आणि त्यातले पट समजले नाहीत तर आकृतीचा नंबर टाकून विचारा, मी सांगतो कुठली रेघ दगडातली आणि कुठली हवेतली.